कोपऱ्यावरचा खांब : सोलापुरातल्या एका जुन्या इमारतीचे प्रकरण

नवी पेठेकडून जुन्या गावठाणात शिरताना एका वळणावर ही इमारत होती. होती म्हणायचे, कारण आता तिचा तळमजलाच तेवढा उरला आहे. मालकांची, भाडेकरूंची, दुकानांची नावे मी देत नाही आणि नेमका चौकही सांगत नाही. त्या कोपऱ्यावर ज्याने कधी शाळेचे बूट घेतले असतील किंवा मोबाईलची काच बसवून घेतली असेल, त्याला जागा ओळखू येईलच.

माझा धंदा इमारती तपासण्याचा. २०१९ च्या मे महिन्यात मालकांपैकी एकाचा फोन आला. महापालिकेची नोटीस लागली होती. पावसाळ्याच्या तोंडावर गावठाणातल्या जुन्या घरांना अशा नोटिसा दरवर्षी लागतात. महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामांबद्दल आहे, आणि ३० वर्षे ओलांडलेल्या इमारतीची तपासणी करून घ्या, असे २६५-अ सांगते. बहुतेक ठिकाणी नोटीस दाराला चिकटते, पहिल्या पावसात भिजते आणि दिवाळीच्या रंगाखाली जाते. इथल्या मालकाला मात्र ती हवीच होती. भाडेकरू तर उघड म्हणत होते की ती त्यानेच लावून घेतली.

मालक म्हणजे एकूण सात वारस. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव. भाडेकरू पाच. कोपऱ्यावर मोबाईलवाला, त्याच्या शेजारी घड्याळवाले चाचा, मग चहाचा गाळा, बोळाच्या बाजूला एक कुलूपबंद गाळा, आणि वरच्या मजल्यावर टेलर अण्णा. वरचा उरलेला मजला रिकामा होता. तिथे पूर्वी बँक होती.

जुन्या पेठेत उभे राहून दुकाने का बदलली असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: गिरण्या बंद पडल्या, मग मॉल आले, मग मोबाईलवरून खरेदी आली. यात खोटे काही नाही. पण या इमारतीत दोन वर्षे जाऊन-येऊन माझे मत असे झाले की कोण गेले आणि कोण राहिले, यात गिऱ्हाइकापेक्षा भाडेपावतीचा हात मोठा होता. आणि दुकान बदलले की त्याची किंमत भिंतीने मोजली.

दुकानाचे तोंड

इमारत नेमकी कधीची, याचा कागद नाही. बांधणीवरून शंभरीच्या आसपासची. तळमजल्याला काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, चुन्या-मातीत रचलेल्या. वर विटांचा मजला, सागवानी तुळया, आणि डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. सोलापुरात माळवद टिकले ते पावसामुळे, म्हणजे तो कमी पडतो म्हणून. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तुळयांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पांढरी माती, आणि दर उन्हाळ्यात आणखी एक हात मातीचा. उन्हाळ्यात याच्यासारखे घर नाही. पण नऊ इंच माती म्हणजे दर चौरस मीटरला ४०० किलोच्या वर वजन, तेही कोरडी असताना. पाच इंची सिमेंटचा स्लॅब ३०० किलोच्या आसपास भरतो. शंभर उन्हाळ्यांत किती थर चढले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मी एका ठिकाणी खणून पाहिले तर माती चौदा इंच निघाली.

दोन रस्ते मिळतात तिथला कोपरा सुरुवातीपासूनच छाटलेला होता. बैलगाडीला वळण मिळावे म्हणून असे कोपरे छाटत. दुकानदाराला त्याचा फायदा वेगळाच. दार तिरके असले की दोन्ही रस्त्यांवरचे माणूस समोरून येते. घराला गोमुखी जागा आणि दुकानाला वाघमुखी, असे जुनी माणसे म्हणतात. कोपरा म्हणजे वाघाच्या दोन जबड्यांची जागा. त्यामुळे इमारतीत सर्वांत महाग गाळा हाच, आणि जो येईल त्याला याचेच तोंड आणखी मोठे हवे.

इंजिनिअरच्या बाजूने पाहिले तर नेमके उलटे आहे. दगडी इमारतीत दोन भिंती जिथे एकमेकींत गुंततात, ती सर्वांत महत्त्वाची जागा. त्या एकमेकींना धरून असतात. तिथले दगड काढले की दोन्ही भिंती सुट्या पडतात आणि आपापल्या बाजूला कलायला मोकळ्या होतात. म्हणजे धंद्याला जो कोपरा उघडा हवा, इमारतीला तोच बंद हवा. हे भांडण या एका कोपऱ्यावर चार वेळा झाले, आणि चारही वेळा इमारत हरली.

पहिला भाडेकरू कापडवाला. सोलापुरात चाटी गल्ली आहे, चाटी म्हणजेच कापडाचा व्यापारी. हा त्याच पिढीजात धंद्यातला. त्याच्या वेळचे दार जेमतेम पाच फुटांचे असावे. उंबऱ्याच्या दगडाला खाच आहे, तिच्यात फळ्या सरकवायच्या. फळ्यांवर आकडे कोरलेले असत, म्हणजे सकाळी काढलेली तिसरी फळी रात्री तिसऱ्याच जागी बसावी. त्यातली एक, ५ आकड्याची, मला जिन्याखाली मिळाली. तिच्यावर गॅसची टाकी ठेवलेली होती. त्या काळी पाच फुटी दार पुरत असे, कारण माल दाखवायचा नसे, उलगडायचा असे. गिऱ्हाईक गादीवर बसे आणि खण, लुगडी त्याच्यापुढे येत. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आणि जाम मिल आल्या. गिरणीत पगार महिन्याचा. त्यामुळे उधारी महिन्याची आणि गिऱ्हाईकही बांधलेले. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाच दुकानातून जात.

जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली. त्यानंतर काही वर्षांत कापडवाला गेला, रेडिओवाला आला. नंतरच्या काळात यंत्रमागावर आठवड्याचा पगार घेणारा, विडीच्या पैशावर घर चालवणारा गिऱ्हाईक वाढला. त्याला महिन्याच्या उधारीवर उलगडलेले कापड नको होते, रोखीने स्वस्त तयार कपडा किंवा चप्पल हवी होती. ती बाहेरून दिसायला हवी. १९८० च्या सुमाराला तिथे पादत्राणांचे दुकान आले आणि फळ्या जाऊन शटर आले.

इमारतीच्या आयुष्यातली खरी घटना हीच. शटरला सरळ, रुंद, चौकोनी तोंड लागते आणि गुंडाळायला वर दीड फूट जागा. पाच फुटांची दोन दारे आणि मधला दगडी खांब काढून चौदा फुटांचे एकच तोंड केले गेले. वर लोखंडी गर्डर टाकला. गर्डर टाकणे चूक नव्हे. तो कशावर टेकवला, हा प्रश्न होता. उजव्या बाजूला बऱ्यापैकी दगडात गेलेला दिसत होता. डाव्या, म्हणजे कोपऱ्याच्या बाजूला तो एका खांबावर होता, असे सगळे सांगत होते.

त्यानंतरचे बदल पटापट सांगता येतील. १९९० च्या दशकात जिन्याखाली एसटीडी-पीसीओची, म्हणजे सार्वजनिक टेलिफोनची, काचेची पेटी बसली, तिच्यासाठी बोळाकडची भिंत नऊ इंच कोरली. चपलांचे दुकान २००८ साली उठले आणि मोबाईलवाला आला. त्याने काच, वातानुकूलन यंत्र आणि दर्शनी भागावर चकचकीत अॅल्युमिनियमचे पत्रे लावले. त्या पत्र्यांमागे काय आहे हे बाहेरून कळायची सोय उरली नाही.

भाडेपावती

मला वाटले होते, सात वारस असताना एवढे फोडकाम कसे होऊ दिले? त्याचे उत्तर टेलर अण्णांनी दिले. "साहेब, भाडं देतो ते पोस्टाच्या तिकिटाएवढं. मालक बोलणार कशाच्या जिवावर?"

आकडे पाहू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूचे भाडे गोठवले. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढीचा हक्क दिला. २००० साली ज्या गाळ्याचे भाडे ७५ रुपये होते, ते प्रत्येक वर्षी न चुकता वाढवले तरी २०१९ मध्ये १५८ रुपये होते. पाचही भाडेकरूंचे वर्षाचे भाडे एकत्र केले तरी माझ्या तपासणीची फी निघत नव्हती. इमारत दुरुस्त ठेवणे कायद्याने मालकाचे काम. त्याने नाही केले तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावे आणि भाड्यातून वळते करून घ्यावे. १५८ रुपयांतून चौदा इंच मातीचे माळवद वळते व्हायला किती जन्म लागतील, ते आपणच काढा.

मग मालकाला पैसा मिळायचा कधी? दुकान हात बदलेल तेव्हा. जुना भाडेकरू नव्याकडून पागडी, म्हणजे जागेच्या हक्काची एकरकमी किंमत, घेतो, त्यात मालकाचा वाटा असतो, आणि पावती नव्याच्या नावे होते. जुन्या कायद्यात पागडी गुन्हा होती तरी चालायची. १९९९ च्या कायद्याने कलम ५६ मध्ये ती घ्यायला मोकळीक दिली. दर महिन्याला काहीच नाही आणि वीस वर्षांतून एकदा भरघोस, असा हा हिशेब. हे लक्षात आले तेव्हा मला ती इमारत कळली. मालकाला राहणारा भाडेकरू नको असतो, बदलणारा हवा असतो. आणि ज्याने एवढी पागडी मोजली, तो पहिल्याच दिवशी विचारतो, हा खांब काढला तर चालेल ना? त्या दिवशी मालकाच्या हातात गड्डी असते. तो नाही कसा म्हणेल?

बँकेचे गेल्याचे कारणही याच कायद्यात आहे. १९९९ च्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणाबाहेर काढले. वरच्या मजल्यावरच्या बँकेला मालकाने ताबडतोब बाजारभावाने भाडे मागितले. दोन-तीन वर्षे पत्रव्यवहार चालला, मग शाखा पुढच्या रस्त्यावर नव्या इमारतीत गेली. पेठेत सगळे म्हणत राहिले, बँकसुद्धा उठली, आता इथे काही राहिले नाही. बँकेचा धंदा तर चांगला चालला होता. एकूण भाडेकरूंत तीच सर्वांत धडधाकट, आणि नव्या कायद्यानंतर तीच पहिली गेली. जाताना तिजोरी मागे सोडली नाही, हे इमारतीचे नशीब. तिजोरीच्या जागेखाली दोन तुळया बोटभर वाकलेल्या आहेत.

उलट बाजू चाचांची. घड्याळदुरुस्तीचा धंदा मोबाईल आल्यापासून संपल्यात जमा. तरी रोज सकाळी अकराला शटर वर जाते, उदबत्ती लागते, एकदोन सेल बदलले जातात आणि दोन वाजता शटर खाली. बोळाकडचा कुलूपबंद गाळाही महिन्यातून दोनदा उघडतो, एक मुलगा येऊन दिवा लावतो, पंखा फिरवतो, मीटर थोडे पुढे सरकते. मी याला सवय समजत होतो. ती वकिलाची शिकवण आहे. ज्या कामासाठी जागा घेतली, त्या कामासाठी सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर कलम १६ खाली ताबा जाऊ शकतो. वापर दाखवायला विजेचे बिल हा चांगला पुरावा. जुन्या पेठेत अर्धवट उघडी, गिऱ्हाईक नसलेली जी दुकाने दिसतात, त्यांतली कित्येक अशी आहेत. धंदा केव्हाच मिटला, हक्क तेवढा चालू आहे.

चहाच्या गाळ्याचे प्रकरण आणखी मजेचे. फलक एकाचा, पावती दुसऱ्याच्या नावे, आणि दोघांत कागदावर भागीदारी. पोटभाडेकरू ठेवला तर ताबा जातो, भागीदार घेतला तर जात नाही. सोलापुरातल्या पेठांत इतके भागीदार आहेत की सगळ्यांनी खरोखर भागीदारी केली असती तर एव्हाना चार गिरण्या परत सुरू झाल्या असत्या.

काचपट्ट्या आणि माझी चूक

मे २०१९ मध्ये मी चार दिवस मोजमापे घेतली. ओळंबा लावला तर कोपऱ्यावरची भिंत वरच्या मजल्याच्या उंचीला दोन इंच बाहेर. भेगा ठरलेल्या वाटेने गेलेल्या, शटरच्या वरच्या कोनातून तिरक्या, ४५ अंशांत, खिडकीकडे. जुन्या की चालू, हे भेगेकडे पाहून कळत नाही. त्यासाठी भेगेवर पातळ काचेची पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवतात आणि तारीख टाकतात. भिंत हलली तर काच फुटते. मी पाच ठिकाणी पट्ट्या लावल्या.

छपरावर दुसरी गोष्ट सापडली. एक-एक हजार लिटरच्या चार प्लास्टिकच्या टाक्या. उजनी धरणातून पाणी येते, पण गावात नळाला तेव्हा चार-पाच दिवसांनी येई. त्यामुळे सोलापूरकर जिथे जागा मिळेल तिथे पाणी साठवतो. हजार लिटर म्हणजे एक टन. चार टन, माळवदावर, आणि तेही कोपऱ्याच्या बाजूला, कारण नळी तिकडून चढत होती. एका टाकीचा व्हॉल्व्ह ठिबकत होता. माती सतत ओली, तुळईचे तोंड काळे पडलेले. चाकूचे पाते तीन इंच आत गेले.

दगडी भिंतीबद्दल आपल्याकडे १९९३ नंतर धास्ती बसली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, इथून ८०-एक किलोमीटरवर, आणि हजारो माणसे दगडमातीखाली गेली. तिथल्या जाड भिंती आतून दुपदरी होत्या. बाहेरचा एक पदर, आतला एक, मध्ये भर. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड नसले की धक्क्यात पदर फुटून वेगळे होतात. या इमारतीत आरपार दगड होते. मूळ गवंडी जाणता होता. टेलर अण्णांचे म्हणणे, त्या पहाटे खिडक्यांची तावदाने वाजली, पण भिंतीला काही झाले नाही. त्यांना वाटे, किल्लारी पचवलेली भिंत शटरला काय भीक घालणार! "आमच्या बापाच्या काळापासनं हलायलंय हे, पडत नाही." मी सांगितले की ते १९९३ चे वजन आणि १९९३ ची भिंत होती. त्यावर त्यांनी चहा मागवला.

आता माझी चूक. कोपऱ्यावरचा खांब. बाहेरून अॅल्युमिनियमचे पत्रे, आतून रंगवलेला चौकोनी खांब, त्यावर मोबाईलची कव्हरे टांगलेली. मोबाईलवाल्याला म्हटले, पत्रा एक काढून द्या, आतला दगड पाहायचा आहे. तो म्हणाला, "खांब आहे की साहेब. वाजवून बघा." पत्रा काढला तर परत तसा बसणार नाही, हंगाम चालू आहे, कंपनीचा फलक आहे. मी वाजवला. आवाज पोकळ आला, पण पत्रा चढवलेल्या खांबाचा आवाज तसाच येतो. अहवालात मी लिहिले, "कोपऱ्यावरील दर्शनी खांब समाधानकारक दिसतो." दिसतो. हा शब्द आम्ही लोक जबाबदारी टाळायला वापरतो आणि वाचणारा तो गाळून वाचतो.

अहवालाची मागणी तीनच गोष्टींची होती: टाक्या खाली उतरवा, माती निम्मी काढा, भेगांवर लक्ष ठेवा. मालक नाराज झाला. त्याला 'धोकादायक, पाडावी' हे शब्द हवे होते. भाडेकरूंनी पेढे पाठवले. टाक्या तिथेच राहिल्या. कोणी उतरवायच्या, नळ कोणाच्या नावाचा, यावर दोन बैठका झाल्या.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मी ती इमारत विसरून गेलो. जूनमध्ये चाचांचा फोन. "साहेब, आपकी काच टूट गई." पाचपैकी तीन पट्ट्या गेल्या होत्या. गाळा बंद असताना ते रोज येऊन बघत होते. जी पट्टी फुटली तिच्याखाली भिंतीवर पेन्सिलने तारीख, वेळ सकाळ की संध्याकाळ, आणि भेगेची रुंदी, तीही घड्याळाच्या स्प्रिंगा मोजायच्या पट्टीने घेतलेली. माझ्या कारकिर्दीत एवढी नीट नोंद कुठल्याच कनिष्ठ इंजिनिअरने ठेवलेली नाही. त्या नोंदीवरून दिसले की भेग संध्याकाळी रुंदावते आणि सकाळी थोडी मिटते, म्हणजे तापमानाची हालचाल आहे, पण दर महिन्याला मिटणे कमी होत चालले आहे. मी मालकांना पत्र पाठवले. सातपैकी दोघांचे उत्तर आले.

ऑक्टोबर

१४ ऑक्टोबर २०२० ला सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस झाला तो विसरण्यासारखा नाही. पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून सहा जण गेले. आमच्या माळवदाने त्या रात्री किती पाणी प्यायले, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या चकचकीत पत्र्यांपैकी दोन सुटून फुटपाथवर पडले होते आणि शटर अर्ध्यात अडकले होते. शटर अडकणे म्हणजे वरचा गर्डर खाली आला आहे. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मी गेलो तेव्हा मोबाईलवाला रस्त्यावर उभा होता. पत्र्यामागची जागा उघडी पडली होती. खांब प्लायवुडचा होता. चौकोनी पेटी, आत वायरींचे जुडगे आणि मधमाश्यांचे एक जुने पोळे. खरा दगडी खांब १९८० च्या सुमाराला शटरबरोबरच गेला असावा. गर्डर टेकला होता बोळाकडच्या भिंतीच्या तोंडावर, जेमतेम चार इंच, मध्ये विटांचे तुकडे भरून. तीच भिंत पीसीओसाठी नऊ इंच कोरलेली होती. मोबाईलवाला म्हणाला, आपण जागा घेतली तेव्हा हा खांब होताच. तो खरे बोलत होता, असे मला वाटते. चपलांच्या दुकानदाराने पेटी बनवून घेतली असेल, वायरी झाकायला, आणि पुढच्याने ती खांब म्हणून विकत घेतली.

त्या रात्री दहा लोखंडी जॅक आणि सेंट्रिंगची फळकुटे लावून गर्डरला टेकू दिला. जॅक एका ठेकेदाराने भाडेकरूंच्या शब्दावर दिले, मालकांच्या शब्दावर द्यायला तो तयार नव्हता. टाक्या अर्ध्या तासात उतरल्या. दीड वर्षे ज्या नळाच्या मालकीवर बैठका चालल्या, तो नळ कोणाचा, हे त्या रात्री कोणीच विचारले नाही.

पुढचे चार महिने कागदांचे. मालकांना सगळेच पाडायचे होते, पण नवे बांधायचे तर रस्तारुंदीची रेषा दर्शनी भागातून सहा फूट आत येत होती. बदल्यात चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क मिळतो, ते वरच्या मजल्यावर. पेठेत तिसऱ्या मजल्यावर कोण दुकान घेणार? भाडेकरूंना भीती की एकदा पाडले की परत येणे वकिलाच्या तारखांवर. वारसांपैकी एक पुण्याहून येई आणि प्रत्येक वेळी नवा नकाशा आणी. शेवटी तोडगा निघाला तो तडजोडीचा. वरचा मजला आणि माळवद उतरवायचे, तळमजल्यावर हलके पत्र्याचे छत. कोपऱ्यावर आणि बोळाच्या तोंडाला लोखंडी चौकट, दगडाला जोडून. भाडी महिन्याला हजारांच्या घरात न्यायची, सगळ्यांनी लेखी मान्य करून. चौकटीचा खर्च निम्मा मालकांचा, निम्मा भाडेकरूंचा. टेलर अण्णांना वरचा मजला गेल्याबद्दल कुलूपबंद गाळा द्यायचा. त्या गाळ्याचा भाडेकरू पैसे घेऊन उठला. दिवा लावायला येणारा मुलगा आता दिसत नाही.

माळवद उतरवताना एकवीस ट्रक माती निघाली. ती पांढरी माती घ्यायला खेड्यातली दोन माणसे ट्रॅक्टर घेऊन आली होती, त्यांच्या घराच्या माळवदावर टाकायला. सागवान मालकांनी विकले. ५ आकड्याची फळी मी मागून घेतली.

चौकट उभी राहिली तेव्हा कोपऱ्यावर चाळीस वर्षांनी पुन्हा खरा खांब आला, आठ इंची, पायात सिमेंटचा ठोकळा. आता भाडे खरे लागते म्हणून चाचांनी गाळ्यापैकी निम्मी जागा चार्जरवाल्याला दिली आहे, यावेळी खरी भागीदारी. चहावाला कोपऱ्याच्या छाटलेल्या तोंडासमोर बाकडे टाकतो. बँकेच्या जागी आकाश दिसते.

गेल्या दसऱ्याला मी तिकडून जात होतो. मोबाईलवाल्याने हाक मारली, आत बसवले, पाणी दिले. नव्या कंपनीचा फलक यायचा होता, तिचा माणूस मोजमापे घेऊन गेला होता. तो थोडा वेळ घुटमळला, मग खांबावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, हा जरा आत सरकवता येईल का? शोकेस अडतंय."